बोटांच्या टोकांची बधिरता

तार, सुई किंवा हत्यार यांचा दाब वर्षानुवर्षे एकाच जागी पडल्याने बोटाच्या टोकाची स्पर्शजाणीव मंदावणे. सांगली जिल्ह्यातील मिरजेत सतारी व तंबोरे घडतात (२०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले) आणि वाजवलेही जातात. त्यामुळे तिथे ही बधिरता नित्य परिचयाची आहे.

सतारीची पोलादी तार डाव्या हाताच्या तर्जनीने व मध्यमेने पडद्यावर (दांडीवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबली जाते आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) घेताना तशीच दाबून आडवी ओढली जाते. नवशिक्याचे बोट आधी ठणकते, कधी सोलवटते. पुढे तिथे घट्टा धरतो व त्यावर तारेची बारीक काळपट खाच उमटते. घट्टा म्हणजे त्वचेचा जाड झालेला वरचा, मृत थर. स्पर्श ओळखणारी सूक्ष्म ग्राहके त्याखाली शाबूत असतात, फक्त हलका स्पर्श त्यांच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. म्हणूनच रियाज काही आठवडे बंद राहिला तर घट्टा विरळ होतो आणि जाणीव परतते. वादकाला ते मुळीच नको असते, हा भाग वेगळा.

उजव्या तर्जनीची गोष्ट निराळी. तार छेडण्यासाठी तिच्यावर चढवलेली नखी फार आवळून बसली तर बोटाच्या दोन्ही कडांनी जाणारे बारीक मज्जातंतू दबतात व टोकाला मुंग्या येतात. नखी थोडी सैल करून घेतली की ही तक्रार बहुधा थांबते.

मज्जातंतूचा विकार ओळखताना बधिरतेची जागा पाहावी. घट्ट्याची बधिरता तारेखालच्या जागेपुरती असते. मनगटात ‘मीडियन’ मज्जातंतू दबला, तर अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांत मुंग्या येतात, त्या रात्री झोपमोड करतात आणि हात झटकल्यावर बऱ्या वाटतात; करंगळी सहसा सुटते. कोपराशी ‘अल्नर’ मज्जातंतू दबला तर नेमकी करंगळीच बधिरते. मधुमेहातील बधिरता बहुधा पावलांपासून सुरू होते, तर बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही हातापायांना मुंग्या येतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी आवश्यक ठरते. त्यावरील बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो. तार न दाबणारी बोटे बधिर होणे, पकड सैल पडणे किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बसणे ही लक्षणे घट्ट्याच्या माथी मारू नयेत.