पणजीचं नाव शोधायचंय? मुंबईत बसून जुन्या नोंदी कशा काढायच्या

सर्वपित्रीला बाणगंगेवर गुरुजी नावं विचारतात तेव्हा बाप, आजा, पणजा इथवर बहुतेकांची गाडी जाते. पणजीपाशी अडते. आमचीही अडली. पुढे ते नाव कागदावर सापडलं. त्यासाठी कुठे अर्ज करावे लागले आणि सोबत काय जोडावं लागलं, ते सांगतो.

आधी मुंबईतली नोंद. जन्म-मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे नसते, घटना घडली तिथल्या महापालिका विभाग कार्यालयात असते. आजोबा राहायला गिरगावात, पण गेले केईएममध्ये, तर नोंद परळच्या एफ दक्षिण विभागात. म्हणून अर्जाआधी घरातल्या थोरांना दोनच गोष्टी विचारा: साल कुठलं, आणि घरी की इस्पितळात? शोधाचं शुल्क वर्षागणिक लागतं, त्यामुळे 'साठच्या आसपास' असं लिहू नका. निदान 1958 ते 1961 असं तरी लिहा.

पात्रतेचं म्हणाल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि दाखला मागता येतो. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण मात्र देत नाहीत. कायदा 'कोणीही' म्हणत असला तरी खिडकीवर नातं विचारतातच. आपलं आधार, आपला जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला अशी साखळी जुळेल एवढे कागद जवळ ठेवा. जुन्या जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना अनेकदा कोरा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. तेव्हा अर्जात आजोबांच्या नावाखाली त्यांच्या वडिलांचं नाव आणि चाळीचा पत्ताही लिहा.

नोंद मिळाली नाही तर नमुना 10, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र, मागा. तोंडी 'नाही'ला काही किंमत नाही. एका कार्यालयात मला दोनदा 'रेकॉर्ड नाही' म्हणून परत पाठवलं. तेच लेखी द्या म्हटल्यावर वही तिसऱ्या दिवशी सापडली.

शाळेचं काम तुलनेने सोपं. जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासाठी मुख्याध्यापकांना साधा अर्ज पुरतो. त्यात जन्मस्थळ असतं, आणि चाकरमान्यांच्या घरात गावाचं नेमकं नाव कळतं ते बहुधा तिथेच.

खरा खजिना तालुक्याला असतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची वही, आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, असतात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं लिहून सही-शिक्क्याची नक्कल मागायची. काही जिल्ह्यांचे कागद 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आलेत, तिकीट काढण्याआधी तिथे बघा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. पूर्वज सरकारी नोकरीत असतील तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालयातही डोकावावं. एरवी तिकडे वेळ घालवू नये असं माझं मत.

फेरफारावर मात्र वेळ घालवा. कर्ता माणूस मयत झाला की वारसनोंद होते, आणि बायकांची नावं कागदावर येतात ती अशाच वेळी. भाषा जरा सवयीची करून घ्यावी लागते. 'रामा बिन विठू' म्हणजे विठूचा मुलगा रामा. 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढे नवऱ्याचं नाव. 'अ.पा.क. आई' म्हणजे मुलगा अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला), पालनकर्ती आई. आमच्या नकलेत एका ओळीत दोन पिढ्या होत्या: मयत पणजोबा, सात वर्षांचे आजोबा, आणि अ.पा.क. म्हणून 'काशी कोम भिवा'. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा, शाई पसरलेली.

काशी हे सासरचं नाव असणार; लग्नात नाव बदलायची रीतच होती. माहेरचं हवं असेल तर तिच्या गावच्या कोतवाल बुकासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. त्यासाठी आधी ते गाव कुठलं हे कळायला हवं, आणि ते सांगणारी आत्या आता ब्याण्णव वर्षांची आहे. येत्या रविवारी तिच्याकडे डोंबिवलीला जाणार आहे.