काँगोंचे जीवनचक्र डावीकडे का वळते?

काँगो नदीच्या मुखाजवळ, अंगोलाचा उत्तर भाग आणि दोन्ही काँगो देशांच्या पश्चिम पट्ट्यात, काँगो समाज राहतो. त्यांची वर्तुळात बसवलेली फुली पाहिली की ती पोर्तुगीज पाद्र्यांनी दिलेला क्रूस असावा, असे अनेकांना वाटते. राजा न्झिंगा अ न्कुवु याने १४९१ मध्ये बाप्तिस्मा घेतला हे खरे. परंतु ‘डिकेंगा’ नावाच्या या आकृतीचा अर्थ येशूशी नव्हे, सूर्याशी जोडलेला आहे.

फुलीची आडवी रेघ म्हणजे ‘कालुंगा’. ती पाण्याची सीमा मानतात आणि समुद्रालाही हाच शब्द वापरतात. रेघेच्या वर जिवंतांचे जग, खाली पूर्वजांचे ‘म्पेम्बा’. हेच नाव पांढऱ्या चिकणमातीचेही असल्यामुळे मृत्यूचा रंग पांढरा. उजव्या टोकाला जन्म (‘काला’, काळा), माथ्यावर ऐन उमेद (‘तुकुला’, तांबडा), डावीकडे मृत्यू (‘लुवेम्बा’) आणि तळाशी ‘मुसोनी’, म्हणजे पुढील जन्माची पिवळी सुरुवात. विसाव्या शतकात फु-किआऊ या काँगो अभ्यासकाने ही मांडणी तपशिलाने समजावून सांगितली. सृष्टीही त्यांच्या मते ‘म्बुंगी’ या पोकळीतून, कालुंगाच्या धगधगत्या शक्तीने घडली, आणि सर्वांच्या मुळाशी न्झाम्बी म्पुंगु हा निर्माता आहे.

आता दिशेकडे पाहू. हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. पुण्यात वर्षातील नऊ महिन्यांहून अधिक काळ माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास तो डावीकडे उगवतो, माथ्याकडे चढतो आणि उजवीकडे मावळतो, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने जातो. काँगोंची जुनी राजधानी म्बान्झा काँगो मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे सहा अंशांवर आहे. तिथे मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर; दक्षिणेकडे उणे) उणे सहा अंशांहून उत्तरेकडे असेपर्यंत, मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला दिसतो. त्यामुळे उत्तराभिमुख माणसाला तो उजवीकडे उगवून डावीकडे मावळताना दिसतो, नेमका डिकेंगाच्या क्रमाने. या काळाच्या दोन्ही टोकांना तिथे शून्य सावलीचा दिवस येतो. उरलेले पाच महिने सूर्य दक्षिणेला असल्याने हा मेळ बिघडतो. म्हणून याला मी पुरावा म्हणणार नाही, फार तर पटण्याजोगा अंदाज म्हणेन.

आपल्याकडे कुठल्याही वर्तुळात वेदकाळाची खूण शोधणारे बरेच असतात. इथेही कोणी तरी ‘मध्यरात्री सूर्य पूर्वजांच्या जगात’ या त्यांच्या कल्पनेवरून काँगोंना पृथ्वी गोल असल्याचे ज्ञान होते, असे सांगेल. वास्तविक रेघेपलीकडचे म्पेम्बा हे जिवंतांच्या जगाचे पाण्यातील प्रतिबिंबासारखे उलटे रूप आहे. आपण झोपतो तेव्हा तिथे दिवस असतो, आणि लुवेम्बाला मावळलेला माणूस मुसोनीतून वळून पुन्हा कालाच्या, उजव्या टोकाला उगवतो.