बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावं की राज्यशास्त्र?

‘माणसं अशी का वागतात हे समजून घ्यायला आवडतं,’ असं म्हणून विद्यार्थी मानसशास्त्र घेतात आणि नेमकं तेच म्हणून राज्यशास्त्रही. नेतृत्व, प्रचार, पूर्वग्रह, मतदाराचं वर्तन ही प्रकरणं दोन्हीकडे भेटतात, त्यामुळे अभ्यासक्रमाची यादी बघून निवड केली की फसगत होते. बघायचं ते हे, की उत्तर कशाच्या आधारावर द्यावं लागतं.

माणूस आज्ञा का पाळतो, हा प्रश्न घेऊ. मानसशास्त्राचा विद्यार्थी स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञापाशी जातो. येल विद्यापीठात 1961 मध्ये त्याने प्रयोग सुरू केला. समोरच्याचं उत्तर चुकलं की प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून त्याला विजेचा झटका द्यायचा. यंत्रावर 15 ते 450 व्होल्टपर्यंत 30 बटणं. झटके खोटे होते आणि ते खाणारा माणूस प्रयोगात सामील होता. 40 पुरुषांपैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. बहुतेक उत्तरपत्रिका इथेच थांबतात आणि गुणही तिथेच अडकतात, कारण प्रयोगाचा जीव त्याच्या पुढच्या फेऱ्यांत आहे. प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवर सूचना देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं. शेजारी बसवलेल्या, प्रयोगात सामील असलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वर्तन किती बदलतं ते मोजायचं, ही इथली उत्तर देण्याची रीत. (अशी फसवणूक करून घेतलेला प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती सहजी मंजूर करणार नाही. उत्तरात हेही लिहायला हवं.)

राज्यशास्त्रात हाच प्रश्न आला की मॅक्स वेबर लागतो, म्हणजे खरं तर एक समाजशास्त्रज्ञ. अधिसत्ता लोकांना मान्य का होते, याची त्याने तीन कारणं मांडली: परंपरा, नेत्याचं वलय आणि कायदा. तहसीलदाराची नोटीस आपण पाळतो ती त्या माणसाकडे बघून नव्हे. त्याची बदली झाली तरी नोटीस लागूच राहते. इथे अभ्यासाचा घटक एकेकटी व्यक्ती नाही, पद, नियम आणि संस्था आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात मिलग्रम लिहिला म्हणून कोणी गुण कापणार नाही, पण संस्था कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

दोन्ही विषय खरोखर एकमेकांत मिसळतात ते मतदानाच्या अभ्यासात. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजविज्ञान संशोधन संस्थेतला ‘लोकनीती’ हा गट निवडणुकांच्या वेळी मतदारांची मोठी नमुना-सर्वेक्षणं करतो; त्या कामात पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांचा मोठा वाटा आहे. त्याच सीएसडीएसमध्ये आशिष नंदींसारखा चिकित्सा (क्लिनिकल) मानसशास्त्रात शिकलेला माणूस राजकारणावर लिहीत राहिला. पण हे पुढचं. पदवीला मात्र वाटा स्पष्ट वेगळ्या आहेत.

मानसशास्त्राला प्रात्यक्षिक असतं, आणि त्याचा अंदाज नसणारेच जास्त. म्युलर-लायर भ्रमाचा साधा प्रयोग घ्या. दोन्ही टोकांना बाणाची टोकं असलेली रेषा आखूड दिसते, उलटी, बाहेर फाकलेली पिसं असलेली लांब. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याने, पिसांची रेषा सरकवून दोन्ही सारख्या करायच्या. निम्म्या वेळा ती मुद्दाम जास्त लांब ठेवून सुरुवात करायची, निम्म्या वेळा जास्त आखूड. शिवाय तिची जागाही निम्म्या वेळा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. हे टाळलं तर हाताच्या सवयीची आणि बाजूची चूक भ्रमाच्या आकड्यात मिसळते आणि ती वेगळी काढता येत नाही. दुसरा घोटाळा नेहमीचाच: मित्राला प्रयुक्त करायचं आणि ‘अरे, ही रेषा लांब दिसते पण नसते’ असं आधीच सांगून टाकायचं. मग तो जाणून दुरुस्ती करतो आणि प्रयोग वाया जातो. जर्नलमध्ये आकडे मागून ‘बसवले’ तर तोंडी परीक्षेत पकडले जातात, कारण खऱ्या माणसाचे आकडे इतके गुळगुळीत नसतात.

त्यात संख्याशास्त्र: मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, पुढे टी-चाचणी (दोन सरासरींमधला फरक खरा की योगायोगाचा, ते तपासणारी). गणित सुटावं म्हणून कला शाखेला आलेल्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

राज्यशास्त्रात गणित कमी, वाचन भरपूर. तिथली नेहमीची चूक म्हणजे अग्रलेखाच्या भाषेत उत्तर लिहिणं. महाराष्ट्रात 2019 मध्ये 12 ते 23 नोव्हेंबर राष्ट्रपती राजवट होती, यावर प्रश्न आला की पानभर कोण कोणाला भेटलं ते येतं. हवं असतं ते असं: राज्यघटनेचं कलम 356 काय म्हणतं, उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, बहुमताचा निकाल सभागृहातच लागावा हे 1994 च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, आणि याच राज्यात 1980 व 2014 मध्येही अशी राजवट लागली होती. कलम, निकाल, उदाहरण, आणि मग स्वतःचं मत. मत आधी आलं की उत्तर घसरतं.

पदवीनंतरचा फरक मोठा आहे. राज्यशास्त्राचा पदवीधर तीन वर्षांच्या एलएल.बी.कडे, पत्रकारितेकडे, बी.एड.कडे लगेच वळू शकतो. मानसशास्त्राच्या नुसत्या बी.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं पुढचं शिक्षण लागतं. त्यातल्या दोन वर्षांच्या एम.फिल.ला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये; संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः तपासावी. यूपीएससीला दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, दोघांचे प्रत्येकी 250 गुणांचे दोन-दोन पेपर, म्हणून केवळ त्यासाठी एकाला नाकारण्याचं कारण नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एक मुख्य आणि दुसरा गौण घेता येतो, महाविद्यालयात ती जोडी असेल तर. तसं करायचं झाल्यास मानसशास्त्र मुख्य ठेवणं सोयीचं, कारण एम.ए.च्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी तोच विषय पदवीला असावा लागतो, राज्यशास्त्राच्या एम.ए.ला दार जरा रुंद असतं. आणि घरी बसून मानसशास्त्र करू, हा बेत आता सोडावा: जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने हा विषय शिकवायला यूजीसीने मनाई केली आहे.