खुलासा: गूळ खाल्ल्याने फुफ्फुसातली धूळ निघते का?

फाउंड्री, दगडखाण, सिमेंटचं गोदाम... पाळी संपली की गुळाचा खडा तोंडात टाकायची रीत सगळीकडे सापडते. 'धूळ चिकटून पोटात जाते' म्हणे.

पण गूळ उतरतो अन्ननलिकेतून, धूळ जाते श्वासनलिकेतून. घशातली जाडी धूळ गुळाने सुटत असेल, ती पाण्यानेही सुटते. घातक असते ती डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची (दगड-वाळूतल्या खनिजाची) धूळ, साधारण ५ मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) बारीक. ती थेट वायुकोशांत जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार जडतो. तो बरा होत नाही.

लखनौच्या संशोधकांच्या १९९४ च्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. गुळामुळे फुफ्फुसांतले कण बाहेर सरकायला मदत झाल्याचं त्यात दिसलं खरं, पण उंदरांमध्ये. त्यावरून भट्टीपाशी उभ्या माणसाला संरक्षण मिळत नाही.

आधी पाणी मारून धूळ दाबणं, मग उगमापाशीच ती ओढणारा एक्झॉस्ट, शेवटी चेहऱ्यावर घट्ट बसणारा रेस्पिरेटर, म्हणजे धूळ गाळणारा मास्क. कामगारांच्या प्रशिक्षणात शिकवायचं ते हे. नाकावर बांधलेला रुमाल यात कुठेच बसत नाही. गूळ वाटणं स्वस्त पडतं, एवढाच त्याचा (मालकाला) फायदा. आवडतो म्हणून खा, हात धुऊन. मधुमेह असेल तर तेवढाही नको.