एनएलपी आणि सीबीटी: सुरुवात सारखी, पुढची वाट वेगळी

"मीटिंगमध्ये बोलायला उभं राहिलं की माझं नेहमी हसं होतं." हे वाक्य घेऊन एक जण एनएलपीच्या प्रशिक्षकाकडे गेला आणि दुसरा सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याचा मानसोपचार) करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे, तर पहिली दहा मिनिटं दोघांची जवळपास सारखीच जातील. नेहमी म्हणजे प्रत्येक वेळी? नक्की कोण हसलं? ते तुम्हालाच हसले हे कशावरून? त्यात 'रीफ्रेमिंग', म्हणजे त्याच गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहणं, हा शब्द दोन्हीकडे ऐकू येतो. मग लोकांची गल्लत झाली तर नवल नाही.

घराणी मात्र वेगळी आहेत. एनएलपी म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, भाषा आणि मनातली चित्रं बदलून वागणं बदलू पाहणारी पद्धत. (संगणकाला माणसाची भाषा समजावी म्हणून जे एनएलपी चालतं, त्याचा याच्याशी आद्याक्षरांपलीकडे संबंध नाही.) १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, सांताक्रूझला, रिचर्ड बँडलर हा विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर हे भाषाशास्त्राचे अध्यापक एकत्र आले. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर आणि मिल्टन एरिक्सन हे त्या काळचे गाजलेले उपचारक नेमकं बोलतात कसं, ते टिपायचं आणि इतरांना शिकवायचं, ही त्यांची कल्पना. म्हणजे सुरुवात उस्तादांच्या नकलेपासून झाली. सीबीटीची सुरुवात रुग्णांच्या तक्रारीपासून झाली. १९६०च्या दशकात पेनसिल्वेनिया विद्यापीठात आरन बेक नैराश्याच्या रुग्णांना तपासत होते. रुग्णांच्या मनात स्वतःबद्दलचे वाईट विचार आपसूक येतात आणि ते खरेच मानले जातात, हे त्यांनी हेरलं. त्याआधीच, १९५०च्या दशकात, अल्बर्ट एलिस याच दिशेने निघाले होते.

आता आपल्या मीटिंगवाल्याकडे परत येऊ. एनएलपीचा प्रशिक्षक त्याला डोळे मिटायला सांगेल. हसणारे चेहरे दिसतात? त्यांचा रंग काढून टाका, चित्र लहान करा, लांब ढकला. मग आत्मविश्वास वाटला होता असा एखादा प्रसंग आठवायचा. ती भावना अगदी शिगेला पोचली की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायची. असं पुन्हा पुन्हा केलं की बोटं दाबताच भावना परत यावी, अशी अपेक्षा. याला अँकरिंग म्हणतात.

सीबीटीवाला कागद पुढे करेल. प्रसंग कोणता, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती, या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. आणि घरचा अभ्यास: पुढच्या मीटिंगमध्ये मुद्दाम एक प्रश्न विचारायचा. जाण्याआधी लिहून ठेवायचं, 'सगळे हसतील'. परत आल्यावर मोजायचं, किती हसले. आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं, कारण नंतर मन सोयीने आठवतं.

मला यातला खरा फरक इथे दिसतो. एनएलपी त्या वाक्याची धार बोथट करू पाहतं. सीबीटी ते वाक्य खरं आहे का ते तपासतं. समजा, हा माणूस खरोखरच गडबडून, ऐकू येणार नाही असं बोलतो. मोजणीत ते उघड होईल आणि मग बोलण्याचा सराव करता येईल. मनातलं चित्र कितीही लहान केलं तरी ही माहिती हाती लागत नाही.

पुराव्याच्या बाबतीत तर दोघांची तुलनाच फारशी होत नाही. नैराश्य आणि चिंताविकारांसाठी सीबीटीच्या असंख्य नियंत्रित चाचण्या झाल्या आहेत. एनएलपीच्या आरोग्यविषयक परिणामांचा २०१२ साली पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्यात निकषांत बसणारे अभ्यास जेमतेम दहा निघाले आणि त्यांतून ठोस असं फारसं काही हाती आलं नाही. नजर कोणत्या दिशेला वळते यावरून खोटं ओळखता येतं, हा एनएलपीच्या नावाने फिरणारा दावाही त्याच वर्षी प्रयोगांत टिकला नाही. तरीही मुलाखत घेणारे उमेदवाराच्या बुबुळांकडे पाहत बसतात!

म्हणून ऑफिसात एनएलपी टाकाऊच, असं मी म्हणणार नाही. त्यातलं 'मेटा मॉडेल', म्हणजे मोघम वाक्य फोडणारे प्रश्न, कामाचं आहे. "क्लायंट नाराज आहे" असं कुणी म्हटलं की कोण, कशावर, नेमक्या कोणत्या शब्दांत, एवढं विचारलं तरी अर्धी घबराट ओसरते. समोरच्याची बसण्याची ढब उचलण्याचं तंत्र मात्र जपून वापरावं. त्याच्या लक्षात आलं, तर आपण त्याला वेडावून दाखवतोय असं वाटतं. आणि माणसं 'दृश्य प्रकारची', 'श्राव्य प्रकारची' अशी वाटून टाकणं सोडूनच द्यावं. चार-आठ दिवसांच्या वर्गातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर कुणी सहकाऱ्याचं नैराश्य हाताळू पाहत असेल, तर त्याला तिथेच थांबवावं.

एनएलपी झटपट आणि सीबीटी रेंगाळणारं, असा आणखी एक समज आहे. कोळ्याची भीती घ्या. एनएलपीमध्ये एकाच बैठकीत भीती घालवण्याचं तंत्र आहे: आपण सिनेमागृहात बसलोय, पडद्यावर आपलाच जुना प्रसंग चाललाय, अशी कल्पना करायची, आणि तो उलटा फिरवायचा. पण स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी सीबीटीच्या चौकटीतही अशा भीतीसाठी एकाच बैठकीचा उपचार बसवला, फार तर तीन तासांचा, आणि तो चाचण्यांत टिकला. वेळेत फारसा फरक नाही. फक्त तिथे कोळी पडद्यावर नसतो, समोरच्या भांड्यात असतो, आणि बैठक संपेपर्यंत बऱ्याचदा तो रुग्णाच्या हातावर चालत असतो.