मानवी हालचालींचे सदृशीकरण

संगणकाचा पडदा, कळफलक किंवा एखादे उपकरण लोकांच्या हाती देण्याआधी, ते वापरताना हात, बोटे आणि डोळे कसे हलतील व किती वेळ घेतील हे गणिती प्रतिमानावर चालवून पाहण्याची पद्धत. सदृशीकरण म्हणजेच सिम्युलेशन.

पाया जुना आहे. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये सूत्रात बसवले. १९८० मध्ये स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूवेल यांनी कामाचे सुटे तुकडे पाडले: सरावलेल्या हाताने कळ दाबणे ०.२ सेकंद, माउसने नेम धरणे १.१, हात कळफलकावरून माउसकडे नेणे ०.४, मनाची तयारी १.३५. कळफलक अनोळखी असेल तर एका कळीलाच १.२ सेकंद. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-रचनेवर ‘विद्या’ लिहायला सहा कळा लागतात. म्हणजे सरावलेल्याला सव्वा सेकंदही नाही, नवख्याला सात सेकंदांहून अधिक. मराठी टंकलेखनाला कंटाळणाऱ्यांची तक्रार बहुधा या फरकातच आहे.

पद्धतीची खरी परीक्षा नायनेक्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीत झाली. ऑपरेटरांसाठी आणलेली नवी यंत्रे जुन्यांपेक्षा वेगवान वाटत होती. वेन ग्रे, बॉनी जॉन व मायकेल ॲटवुड यांच्या प्रतिमानाने मात्र ती सुमारे ३ टक्के संथ ठरतील असे भाकीत केले. प्रत्यक्ष चाचणीत ती ४ टक्के संथ निघाली. कारणही प्रतिमानातच दिसले: नव्या रचनेत कमी झालेल्या कळा ऑपरेटर एरवीही ग्राहकाचे बोलणे ऐकता ऐकता दाबत असे, त्यामुळे त्या कमी होऊनही वेळ वाचला नाही, उलट काही कळा संभाषणातल्या मोकळ्या जागेतून, जिथे कॉल त्यांच्यासाठी खोळंबतो अशा जागी सरकल्या. अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक कॉलमागे एक सेकंद म्हणजे वर्षाला सुमारे तीस लाख डॉलर, असा हिशेब असल्याने ही उठाठेव हौसेची नव्हती.

अलीकडे सूत्रांऐवजी आभासी हातच घडवतात. सांधे असलेल्या हाताला, लक्ष्य लवकर गाठ एवढेच सांगून, चुकत-सुधारत शिकू दिले जाते. जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठाच्या २०२१ मधील प्रयोगात अशा हाताच्या हालचालींत फिट्सचा नियम आपोआप उमटला. तो त्याला कोणी शिकवला नव्हता. हवेत हात उंचावून वापरायच्या आभासी वास्तवाच्या साधनांसाठी हे विशेष उपयोगी, कारण तिथे वेळेआधी खांदा दुखतो, आणि सेकंदांच्या हिशेबात खांदा येत नाही.