टाका लपवण्यापासून टाका मिरवण्यापर्यंत

पुरुषाच्या कोटाला छातीवरचा खिसा डावीकडे असतो. एखाद्या जुन्या कोटावर तो उजवीकडे दिसला, तर कोट एकदा ‘उलटवलेला’ आहे असं खुशाल समजावं. कापड विटलं, कोपरं चकाकायला लागली, की शिंपी अख्खा कोट उसवायचा, आतली कोरी बाजू वर घ्यायचा आणि तोच कोट पुन्हा शिवायचा. डावं ते उजवं व्हायचं, म्हणून खिसा पलीकडे जायचा. जुनी काजं रफू करून बुजवायची, दुसऱ्या बाजूला नवी पाडायची. कामाची परीक्षा एकच: बघणाऱ्याला कळता कामा नये. खिसा तेवढा चुगली करायचा.

एवढा खटाटोप, कारण शिलाईपेक्षा कापड कितीतरी महाग. अठराव्या शतकात लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेल्या रेशमाचा पन्हा जेमतेम अर्धा मीटर असायचा आणि त्याला कात्री लावायला हात धजायचा नाही. कापण्याऐवजी चुण्या घालून झगा अंगाला बसवायचा, लांब लांब टाक्यांनी टाचायचा. फॅशन बदलली की दोरा ओढला, कापड मोकळं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असे झगे आहेत, ज्यांचं कापड एका पिढीचं आणि बेत पुढच्या पिढीचा. मोडलेल्या चुण्यांच्या रेघा, जुन्या शिवणीची बारीक भोकं अजून दिसतात. आज संग्रहालयाच्या काचेमागे असलेला हा शाही थाटही दुसऱ्यांदा शिवलेला, हे मला फार आवडतं.

जपानी किमोनोत तर ही सोय मुळातच आहे. एका अरुंद ताग्याचे सरळ लांबट तुकडे, कुठे गोल काप नाही. पारंपरिक धुलाईत तो पुरता उसवायचा, तुकडे धुऊन ताणून वाळवायचे आणि परत शिवायचे. तेवढ्यात झिजलेला भाग आतल्या बाजूला ढकलता यायचा, किंवा मोठ्याचा किमोनो लहानाचा करता यायचा.

मग गिरण्या आल्या. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, तयार कपड्यांचा धंदा वाढला आणि हळूहळू जुनं उसवून शिवणं ही ऐपत नसल्याची खूण ठरली. (इंग्लंडमधल्या बॅटली इथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉने लोकरीच्या चिंध्या पिंजून नवं सूत काढायला सुरुवात केली होती, पण तो मार्ग वेगळा. तिथे कपडा मोडून पुन्हा तंतू होतो. आपण बोलतोय ते कपड्याचा कपडाच होण्याबद्दल.)

ही लाज पुसली युद्धाने. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपडे कूपनवर गेले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं आणि पुरुषाच्या एका पूर्ण सुटालाच त्यातली २६ लागायची. १९४३ मध्ये सरकारनेच ‘मेक डू अँड मेंड’ (आहे त्यात भागवा, दुरुस्त करा) नावाची पुस्तिका काढली. नवरा आघाडीवर आणि त्याचा सूट कपाटात, तेव्हा त्यातून बायकी जाकीट-स्कर्ट कसा बेतायचा याचे नमुने निघाले. इथे उलटवण्याचा आयता फायदा व्हायचा: पुरुषी कोटाची काजं डावीकडे, बायकी जाकिटाची उजवीकडे. कापड उलटलं की ती आपोआप हव्या त्या बाजूला! कूपनं १९४९ मध्ये गेली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काटकसर कोणाला हौस म्हणून नको होती.

हौस आली ती नंतर, आणि तीही पॅरिसच्या रॅम्पवरून. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाने १९९१ च्या सुमारास सैनिकी मोज्यांचा स्वेटर केला. मोज्याच्या टाचेचा फुगवटा त्याने नेमका कोपरावर आणि छातीवर आणला, म्हणजे आकार आयताच मिळाला. मूळचा मालीचा डिझायनर लामीन कुयाते जुन्या बाजारातले कपडे फाडून जोडायचा तो लाल दोऱ्याने, आणि दोऱ्याची टोकं मुद्दाम लोंबत ठेवायचा. शिंप्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो टाका लपवला, तोच आता मिरवायचा दागिना झाला. जुन्यातून असं जास्त मोलाचं नवं करण्याला आज ‘अपसायकलिंग’ म्हणतात, हा शब्द मात्र कपड्यांच्या दुनियेतला नाही. १९९४ मध्ये राइनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने तो वापरला तेव्हा बोलणं चाललं होतं पाडलेल्या इमारतींच्या विटांबद्दल.

टाका दाखवण्यामागे एक साधी अडचणही आहे. जुन्या कपड्यात शिवणीच्या आत दोन-दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असायची. आजचा टीशर्ट ओव्हरलॉकवर शिवला जातो आणि ते यंत्र शिवताशिवताच कड कापून टाकतं. उसवायला गेलं तर हाती माया जवळपास उरतच नाही. मग दोन टीशर्टांचा एक करायचा, तर मध्ये पट्टी घालावी लागते किंवा जोड वरूनच द्यावा लागतो. त्यापेक्षा नेकटाय बरे: ते तिरक्या कापात कापलेले असतात, त्यामुळे उसवून शेजारी शेजारी जोडले की स्कर्टचा घेर छान पडतो.